दार आणि वर्ग : शिक्षणविषयक दोन प्रश्नांचे भारतीय साहित्यातील रूप

भारतीय भाषांतील शिक्षणविषयक लेखनाकडे तौलनिक दृष्टीने पाहिले असता दोन प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी पुढे आलेले दिसतात. शाळेचे दार कोणासाठी उघडते, हा पहिला प्रश्न. आणि आत गेलेल्या मुलाचे वर्गात काय होते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची परंपरा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावांशी जोडली जाते, तर दुसऱ्याची रवींद्रनाथ ठाकूर, गिजुभाई बधेका आणि गांधीजींची नई तालीम यांच्याशी. या विभागणीत तथ्यांश आहे, परंतु ती जितकी सोयीची आहे तितकी खरी नाही. साहित्यसमीक्षेनेही ती निमूटपणे स्वीकारली. ‘तोताकाहिनी’ शिक्षणविचाराच्या अभ्यासक्रमात गेली, दलित आत्मकथने ‘दलित साहित्य’ या कप्प्यात गेली, आणि या दोन्ही प्रकारच्या संहिता एकाच वस्तूविषयी, म्हणजे शाळेविषयी, बोलत आहेत याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ही विभागणी केवळ ग्रंथालयीन नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा (अंमल १ एप्रिल २०१० पासून) प्रामुख्याने दाराची भाषा बोलतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण प्रामुख्याने वर्गाची. घोकंपट्टीतून मुक्ती, आनंददायी शिक्षण, अनुभवातून शिकणे, किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेचे वा स्थानिक भाषेचे माध्यम, ही या धोरणाची शब्दकळा रवींद्रनाथांच्या आणि गिजुभाईंच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही. ही शब्दकळा दाराच्या प्रश्नापासून सुटी झाली, की तिचा अर्थ तोच राहतो का, हे तपासण्यासाठी मूळ संहितांकडे वळणे आवश्यक आहे.

आरंभ ‘तृतीय रत्न’ या नाटकापासून करावा लागेल. फुल्यांनी ते १८५५ मध्ये लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे सादर केले. कमिटीने ते नाकारले, याची नोंद त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त केली आहे. त्यांच्या हयातीत नाटक छापले गेले नाही. ते प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. गरोदर जोगाबाई आणि तिचा कुणबी नवरा यांना ग्रहदशेचे भय घालून लुबाडणारा जोशी, वाद घालणारा पाद्री आणि या साऱ्यावर भाष्य करणारा विदूषक, अशी त्याची मोजकी पात्ररचना आहे. संस्कृत नाटकातील विदूषक राजाच्या पदरी असतो. येथील विदूषक कोणाच्याच पदरी नाही. तो प्रेक्षकांशी थेट बोलतो आणि जोशाच्या प्रत्येक वाक्यामागचा व्यवहार उघडा करतो. शेवटी हे जोडपे फुल्यांच्या रात्रशाळेत जाण्याचा निश्चय करते.

या रचनेतील एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सुटत आलेली आहे. शिक्षणाला तिसरा डोळा मानणारे हे नाटक वर्गात पाऊल ठेवीत नाही. शाळा हे त्याचे स्थळ नसून त्याचे क्षितिज आहे. नाटककार स्वतः शाळा चालवीत होता, १८४८ पासूनचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, तरीही आत काय शिकवले जाईल हे त्याने रंगमंचावर आणले नाही. १८५५ मध्ये कुणब्याने रात्री शाळेत जाणे हीच नाट्यपूर्ण घटना होती; त्यापुढचे दृश्य लिहिण्याची कलात्मक निकड नव्हती.

परंतु यावरून फुल्यांना वर्गाची फिकीर नव्हती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सादर केलेले निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ओळखले जाते. त्याच निवेदनात मोडी आणि बालबोध लिपी, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य असा अभ्यासक्रमही सुचवलेला आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, हाही त्यांचा आग्रह होता. म्हणजे वर्गात काय शिकवावे आणि कोणी शिकवावे हे त्यांच्या दृष्टीने दाराच्याच प्रश्नाचे अंग होते. वरिष्ठ वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या तत्कालीन सरकारी सिद्धांताचा त्यांनी केलेला प्रतिवाद सर्वज्ञात आहे. मोडी लिपीचा समावेश मात्र दुर्लक्षित राहतो. मोडी ही दप्तराची आणि कर्जरोख्याची लिपी. ती ज्याला वाचता येते त्याला सहज फसवता येत नाही. ‘तृतीय रत्ना’तील जोशाला दिलेले उत्तर सत्तावीस वर्षांनी अभ्यासक्रमाच्या एका कलमात आले, असे म्हणता येईल.

रवींद्रनाथांची ‘तोताकाहिनी’ १९१८ ची. पुढे ती ‘लिपिका’ (१९२२) या संग्रहात आली. राजाच्या बागेतील पाखरू गाते, बागडते, पण त्याला शास्त्र येत नाही. त्याला शिकवण्याचे फर्मान निघते. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांच्या नकलांवर नकला होतात, राजाचे भाचे श्रीमंत होतात, सोनारापासून लेखनिकापर्यंत सर्वांची चंगळ होते. पाखराच्या चोचीत पानांवर पाने कोंबली जातात. त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याची वर्दी राजाला मिळते तेव्हा ते मेलेले असते, आणि राजाने दाबून पाहिल्यावर त्याच्या पोटातून फक्त सुक्या कागदांची खसखस ऐकू येते. शिक्षणाच्या नोकरशाहीवर इतके नेमके आणि इतके संक्षिप्त लेखन भारतीय भाषांत दुसरे क्वचितच सापडेल. इमारती, समित्या, निरीक्षणे, अहवाल या सर्वांची भरभराट आणि पाखराविषयी कोणीच न विचारणे, हा तिचा उपहास शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

तथापि या कथेत एक रिकामी जागा आहे. पाखराला आईबाप नाहीत. ते कोणाच्या घरातून आलेले नाही; कोणी त्याला शाळेत घातलेले नाही, त्याच्या शिकण्यावर कोणाची आशा टांगलेली नाही. पिंजऱ्याबाहेर त्याच्यासाठी बाग आहे, रानातील फळे आहेत. शाळेआधीचे जीवन मुक्त आणि सुंदर होते, हे गृहीत धरल्यावरच शाळा म्हणजे पिंजरा हे रूपक उभे राहते. रूपककथेला एवढे गृहीत धरण्याचा अधिकार आहेच. प्रश्न निर्माण होतो तो या रूपकाचे सामान्यीकरण करून प्रत्येक भारतीय मुलाची शाळा त्यातून वाचली जाते तेव्हा. ज्याची बाग म्हणजे दुसऱ्याचे शेत, आणि रानातील फळे म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीतील उष्टे, त्याला पिंजऱ्याचे दार कोठून दिसते? रवींद्रनाथांना हे कळत नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. श्रीनिकेतन (१९२२) आणि खेड्यातील गरीब मुलांसाठी काढलेले शिक्षासत्र (१९२४) ही त्याची साक्ष आहे. मर्यादा लेखकाची नाही. एकच कथा उचलून तिचे धोरण बनवणाऱ्या वाचनाची आहे.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ (१९३२) या दोहोंच्या मध्ये उभे आहे. चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणारा त्याचा निवेदक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतो आणि मुलांच्या गोंधळापुढे हरतो. मग गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याचा होतो. पुस्तकातून ठाऊक असलेली पद्धत प्रत्यक्ष वर्गात कोसळते, हे मान्य करणारा शिक्षक-निवेदक भारतीय साहित्यात दुर्मिळ आहे. कथनाचा भार मात्र जवळजवळ सर्वस्वी वर्गावर आहे.

दार आणि वर्ग हे दोन्ही प्रश्न एकाच प्रसंगात एकवटतात ते दलित आत्मकथनांत. याची पूर्वखूण डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत आहे. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट आणि शिपाई नसेल तर पाणी नाही हा नियम, एवढ्या दोन तपशिलांत दार उघडल्यानंतरचा वर्ग उभा राहतो. प्रवेश मिळालेला आहे आणि मिळालेला नाहीही, ही ती अवस्था आहे.

ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ (१९९७) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) या दोन आत्मकथनांतील प्रसंग शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. ‘जूठन’मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील बरला गावच्या शाळेत हेडमास्तर एका मुलाला वर्गात बसू न देता शाळेच्या खोल्या आणि मैदान झाडायला लावतात. तिसऱ्या दिवशी वडील जाता जाता ते पाहतात, हातातील झाडू हिसकावून फेकतात, हेडमास्तरांना द्रोणाचार्य म्हणतात आणि मुलगा येथेच शिकेल असे बजावून निघून जातात. ‘आयदान’मध्ये रत्नागिरीच्या शाळेत गुरुजी शेण काढायला सांगतात, मुलगी नकार देते आणि थोबाडीत खाते. घराबाहेर बसून आयदाने विणणारी तिची विधवा आई रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींना अडवते आणि मुलांना शिकवण्यासाठीच आपण हे कष्ट उपसतो, हे त्यांना सर्वांदेखत सुनावते.

या साम्याची मीमांसा करताना तौलनिक अभ्यासकाला संपर्क आणि समांतरता यांत विवेक करावा लागतो. संपर्क निश्चित आहे. वाल्मीकि तरुणपणी आयुध निर्माणीतील प्रशिक्षणासाठी अंबरनाथला होते, पुढे नोकरीनिमित्त चंद्रपूरला राहिले. मराठी दलित साहित्याशी त्यांचा परिचय याच काळातला. हिंदी आत्मकथनाला मराठीने दाखवलेली वाट हा वाङ्मयेतिहासाचा मान्य भाग आहे. परंतु वर उल्लेखिलेले दोन प्रसंग वाङ्मयीन प्रभावातून आलेले नाहीत. ते जगण्यातील समांतरतेतून आलेले आहेत. ‘आयदान’ तर ‘जूठन’नंतरचे. बामा यांच्या ‘करुक्कु’ (१९९२) या तमिळ आत्मकथनात नारळ चोरल्याचा खोटा आळ घेऊन मुख्याध्यापक वर्गाबाहेर काढतात, आणि शिकून पुढे गेल्यास हे अपमान झुगारता येतील हे थोरला भाऊ सांगतो. तेथे मराठीशी संपर्काचा आधार देण्याचे कारण नाही. तीन भाषा, दोन धर्म, तीन प्रदेश. पण प्रसंगाची रचना एकच. मूल वर्गात, शिक्षक त्याला त्याच्या जातीचे काम वा जातीचा कलंक परत देतो, आणि घरातील कोणी तरी शाळा सोडू नको असे सांगते.

या रचनेत ‘तोताकाहिनी’तील रिकामी जागा भरली जाते. येथे पाखराला आईबाप आहेत. वर्ग छळाचा आहे हे त्यांना पुरते ठाऊक आहे. तरीही शाळा सोडायची नाही. पिंजऱ्याची चिकित्सा आणि दाराची मागणी ते एका दमात करतात. ‘जूठन’मधील बाप हेडमास्तरांचा धिक्कार करतो, शाळेचा नाही, आणि त्यानंतर गावातील मोठ्यांची दारे ठोठावतो. अखेर प्रधानाच्या मध्यस्थीने मुलगा पुन्हा वर्गात बसतो. समीक्षा बापाच्या संतापापाशी थांबते. पुढची ही पायपीट तिला तितकीशी उद्धृत करावीशी वाटत नाही. वास्तविक दाराच्या प्रश्नाचे सगळे राजकारण त्या पायपिटीत आहे.

द्रोणाचार्याचा उल्लेख ‘जूठन’मध्ये दोनदा येतो, हेही लक्षणीय आहे. बापाचा द्रोणाचार्य एकलव्याचा आहे. पुढे वर्गात शिकवणारे गुरुजी द्रोणाचार्याच्या दारिद्र्याची कथा डोळे पाणावून सांगतात: अश्वत्थाम्याला दुधाऐवजी पाण्यात कालवलेले पीठ दिले गेले. तेव्हा भाताची पेज पिऊन वाढलेला हा मुलगा विचारतो, की आमच्याविषयी कोणत्याच महाकाव्याने का लिहिले नाही. उत्तरादाखल पाठीवर छडीचे वळ उमटतात. महाभारत एकच, घराने त्यातला एक भाग जपला, पाठ्यपुस्तकाने दुसरा. अनुभवातून शिकणे या तत्त्वाला ‘जूठन’ने घातलेली ही अट आहे. मुलाने आपला अनुभव वर्गात आणला, आणि वर्गाला तो नको होता.

‘आयदान’चे वेगळेपण आईच्या हातातील कामात आहे. लेखिकेने आपल्या लेखनाचे नाते त्या विणकामाशी जोडले आहे आणि ग्रंथाचे शीर्षकही तेथूनच आले. ‘जूठन’ या शीर्षकात जातीने लादलेली वस्तू आहे. ‘आयदान’ या शीर्षकात हाताचे कौशल्य. शाळेने या कौशल्याला कधी ज्ञान मानले नाही. नई तालीमने १९३७ च्या वर्धा परिषदेपासून हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, हे खरे. परंतु ज्या आईचे हात बांबूच्या कामट्यांनी कापले गेले, तिला मुलीच्या शाळेत पुन्हा विणकाम नको होते. हा विरोध तत्त्वविचाराच्या ग्रंथांत सापडत नाही.

माध्यमाच्या प्रश्नावरही या संहिता अनपेक्षित प्रकाश टाकतात. मातृभाषेच्या बाजूने रवींद्रनाथांनी १८९२ च्या ‘शिक्षार हेरफेर’ या निबंधात केलेला युक्तिवाद अजूनही अजोड आहे. परभाषेतून शिकणाऱ्या मुलाचे जगणे आणि त्याची विद्या एकमेकांना भेटतच नाहीत, हे त्याचे सार. आता लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) पाहावे. कैकाडी ही द्राविड कुळातील बोली. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातील मुलाला शाळेत जी मराठी भेटते ती त्याच्या आईची भाषा नाही. धोरणाच्या परिभाषेत मात्र त्याचे शिक्षण ‘मातृभाषेतून’ झाले. मराठी माध्यमाच्या कैवाराने लिहिणाऱ्यांच्या हे क्वचितच ध्यानात येते. ज्याला इंग्रजीविरुद्ध मराठी असे द्वंद्व म्हटले जाते, ते या मुलासाठी दोन परभाषांमधील निवड असते. आणि निवडच करायची तर अधिक दूर नेणारी भाषा का निवडू नये, हा प्रश्न मग उद्धटपणाचा राहत नाही.

हा प्रश्न नवाही नाही. सावित्रीबाई फुले यांच्या ‘काव्यफुले’ (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. २०१० मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली, ती याच परंपरेतील म्हणावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात मातृभाषेची सक्ती अमान्य केली. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणण्याचा आदेश काढला आणि २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. महाराष्ट्रात २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी हा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. या गदारोळात मराठीची बाजू हिरिरीने मांडली गेली, ते योग्यच होते. कैकाडी, गोंडी, भिली बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलासाठी मराठी स्वतः कितवी भाषा आहे, याचा उच्चार मात्र अल्प झाला. रवींद्रनाथांचा युक्तिवाद खरोखर पेलायचा तर तो या मुलापर्यंत न्यावा लागतो, आणि तेथे तो प्रमाण मराठीच्याही विरोधात जातो.

या पार्श्वभूमीवर मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीचा ओझरता उल्लेख पुरेसा आहे. नववीतल्या मुलाच्या बोलीचा तीत साधलेला बाज उत्कृष्ट आहे. पण मध्यमवर्गीय कादंबरीत शाळा हा एक काळ असतो, सरून गेलेला आणि हवाहवासा. आत्मकथनांत ती एक जागा असते, जिथे पोहोचायचे आणि टिकायचे असते.

जागा म्हणून शाळेचा प्रश्न आज पुन्हा उभा राहिला आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव महाराष्ट्रात २०२३ मध्ये मागवले गेले. दर्जा, साधने, सहाध्यायी यांच्या नावाने झालेले त्याचे समर्थन वर्गाच्या भाषेतले आहे. वाडीवरच्या मुलीला त्याचा अर्थ अंतराच्या भाषेत कळतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशातून सूट देणारी अधिसूचना निघाली आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. दार एकदा उघडले की उघडेच राहते, या समजुतीला या दोन घटनांनी धक्का द्यावयास हवा होता.

आणि हा प्रश्न प्राथमिक शाळेपाशी संपत नाही. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय स्थापन केले. त्या परिसरात मराठी दलित साहित्याची एक संपूर्ण पिढी घडली. ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे तेथेच अध्यापक होते. उच्च शिक्षणाची संस्था साहित्याची जन्मभूमी होऊ शकते याचे हे उदाहरण आहे. त्याच्या उलट बाजूस १७ जानेवारी २०१६ हा दिवस आहे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने त्या दिवशी आत्महत्या केली. त्याने मागे ठेवलेले इंग्रजी पत्र आता अभ्यासक्रमांत आणि चर्चासत्रांत संहिता म्हणून वाचले जाते. वर्गाने दिलेला अपमान आणि विद्येची ओढ या दोन्ही गोष्टी त्यात आहेत, जशा त्या ‘जूठन’मध्ये आहेत. पण ‘जूठन’मधला बाप जाता जाता शाळेच्या मैदानात डोकावू शकत होता, ‘आयदान’मधली आई गुरुजींना रस्त्यात गाठू शकत होती. विद्यापीठाचे आवार तसे नसते. २०१९ मध्ये रोहितची आई राधिका वेमुला आणि त्याच वर्षी मुंबईत आत्महत्या केलेल्या डॉ. पायल तडवी हिची आई आबेदा तडवी या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेसाठी २०१२ मध्ये केलेले नियम उच्च शिक्षणसंस्थांनी प्रत्यक्षात पाळावेत, अशी त्यांची मागणी होती.